रंगाचा डबा उघडण्याआधी : देवस्थानांच्या विश्वस्तांना आणि ग्रामपंचायतींना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील देवस्थानांची विश्वस्त मंडळे, जीर्णोद्धार समित्या आणि ग्रामपंचायती यांस,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

गेल्या माघात मी एका गावी गेलो होतो. गावाचे नाव सांगत नाही, कारण तिथल्या मंडळींनी जे केले ते देवावरच्या प्रेमापोटीच केले आणि त्यासाठी घरोघर फिरून वर्गणी गोळा केली, हे मला ठाऊक आहे. तिथल्या जुन्या दगडी देवळाच्या सभामंडपात, गाभाऱ्याकडच्या दोन खांबांवर, एक तुळई आहे. आठ वर्षांपूर्वी मी तिच्याखाली स्टुलावर उभा राहून कोरलेल्या पाच ओळी मोजल्या होत्या. पहिल्या ओळीतले ‘स्वस्ति श्री सकु’ एवढे स्पष्ट लागले होते. त्यापुढचे शकाचे आकडे चुन्याच्या पुटाखाली होते आणि पुन्हा येऊन सावकाश वाचू, असे म्हणून मी परतलो होतो. या वेळी गेलो तेव्हा तुळई गुलाबी ऑइलपेंटने चकचकत होती. रंगाऱ्याने पृष्ठभाग सपाट व्हावा म्हणून अक्षरांच्या खाचांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली होती, ती घासून गुळगुळीत केली होती आणि तिच्यावर लाल रंगात यंदाच्या देणगीदारांची नावे सुबक अक्षरांत लिहिली होती. मी तुळईवरून हात फिरवला तेव्हा बोटाला एकही खाच लागली नाही.

मी एक निवृत्त शिक्षक आहे. गेली पंचवीस वर्षे सुटीच्या दिवशी देवळे, पार, बारवा आणि वेशी पालथ्या घालून जुने लेख वाचण्याचा नाद मला आहे. हे पत्र मी सरकारला न लिहिता आपल्याला लिहीत आहे, कारण देवळाच्या किल्ल्या आपल्या हातात आहेत, रंगाऱ्याला आणि गवंड्याला आपण बोलावता आणि काय ठेवायचे, काय बदलायचे याचा ठराव आपल्या बैठकीत होतो. संरक्षित स्मारकावर पुरातत्त्व खात्याचा फलक असतो आणि राखणदार असतो. पण ज्या देवळात गावाचा रोजचा वावर आहे, तिथल्या लेखाला आपल्याशिवाय दुसरा राखणदार नाही.

मुळात हे लेख दगडावर आणि तांब्यावर का आहेत, तेथून सुरुवात करतो. कागद चीनमध्ये दोन हजार वर्षांपूर्वी होऊ लागला असला, तरी आपल्याकडे तो रुळायला तेरावे-चौदावे शतक उजाडले. देवगिरीजवळच्या कागजीपुऱ्याच्या नावात त्या धंद्याची खूण अजून आहे, आणि ‘कागद’ हा शब्दही फारसीतून आलेला आहे. त्याआधीची हजार-दीड हजार वर्षे या मुलखातली माणसे लिहीत नव्हती असे नाही. ती ताडाच्या पानांवर लिहीत, उत्तरेकडून आलेल्या भूर्जाच्या सालीवर लिहीत, कापडावर, लाकडी फळ्यांवर, तांब्याच्या पत्र्यांवर आणि दगडावर लिहीत. शाळेत पोरे फळीवर धूळ पसरून तिच्यावर बोटाने अक्षरे गिरवीत, ती धूळपाटी. आजही आपण नवशिक्याला ‘धुळाक्षरे गिरवतोय’ म्हणतो. आपली भाषा त्या सामानाने भरलेली आहे. वहीचे ‘पान’ आणि टपालाचे ‘पत्र’ म्हणजे मुळात झाडाचे पान, ‘ग्रंथ’ म्हणजे दोऱ्यात ओवून गाठ मारलेली चळत, आणि ‘लिहिणे’ ज्या धातूपासून आले त्याचा मूळ अर्थ ओरखडणे असा आहे. वचनाची खात्री द्यायची तर आपण अजून ‘काळ्या दगडावरची रेघ’ म्हणतो, आणि कायमच्या हक्काविषयी बोलताना ‘ताम्रपट आहे का तुझ्याकडे?’ असे विचारतो.

या सगळ्या सामानापैकी पुष्कळसे नाहीसे झाले आहे. किती नाहीसे झाले याचा अंदाज यावा म्हणून नाशिकच्या पांडवलेण्यांतला एक लेख आपल्यापुढे ठेवतो. दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप घराण्यातला राजा नहपान याचा जावई उषवदात याचा वर्ष ४२ चा लेख आहे. त्याने हे लेणे भिक्षुसंघाला दिले आणि त्याबरोबर ३,००० कार्षापणांची, म्हणजे त्या काळच्या नाण्यांची, ठेव दिली. ही रक्कम नाशिकजवळच्या गोवर्धनातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ठेवली: २,००० एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक या दराने, आणि १,००० दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण या दराने. मुद्दल परत द्यायचे नाही, फक्त व्याज उपभोगायचे, असे स्पष्ट लिहिले आहे. व्याजाला त्या लेखात ‘वधि’ असा शब्द आहे, तोच आपल्या ‘वाढी-दिढी’तला. २,००० च्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्याच्या मुक्कामाला, राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी द्यायचे होते. हिशेब करून पाहा: दरमहा वीस, वर्षाचे दोनशे चाळीस, आणि वीस गुणिले बारा तेवढेच. सुमारे अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वीचा हिशेब आजही पै-पैशाला जुळतो, कारण तो दगडावर आहे.

त्याच लेखात पुढे असे म्हटले आहे की, हे सर्व निगमसभेत वाचून दाखवले आणि रिवाजाप्रमाणे फलकांवर नोंदवले. म्हणजे मूळ दप्तर नगरसभेच्या फळ्यांवर होते आणि दगडावरचा लेख ही त्याची जाहीर प्रत होती. त्या फळ्या कुठे गेल्या? वाळवीने खाल्ल्या, पावसात कुजल्या, नाहीतर कोणाच्या तरी चुलीत गेल्या. लाकडावरची त्या काळची अक्षरे टिकल्याचे उदाहरण आपल्याकडे इतके दुर्मीळ आहे की, लोणावळ्याजवळच्या भाजे लेण्याच्या चैत्यगृहातल्या लाकडी फासळ्यांवर ब्राह्मी अक्षरे सापडली तेव्हा अभ्यासकांना तो मोठाच लाभ वाटला. याज्ञवल्क्यस्मृतीत राजाने दानाचा लेख ‘पटे वा ताम्रपट्टे वा’, म्हणजे कापडावर किंवा तांब्याच्या पत्र्यावर, मुद्रा उमटवून द्यावा असे सांगितले आहे. त्या काळचे कापडी दानलेख आज हाताशी नाहीत. चाळीसगावजवळच्या पाटण्याला शके ११२८ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने तिथे मठ काढला होता आणि त्या मठाला मिळालेल्या उत्पन्नाची नोंद लेखाच्या शेवटी चक्क मराठीत आहे. मठ गेला, मठातल्या पोथ्या गेल्या. दगड राहिला म्हणून तो मठ होता हे आपल्याला कळले.

फळी गेली, कापड गेले, बहुतेक पाने गेली. जे उरले ते मुख्यत्वे दगड आणि तांबे यांवर, आणि ते आपल्या ताब्यात आहे. म्हणून आपल्या मंडपातल्या तुळईला मी इतका जीव लावतो.

आता दगडाविषयी थोडे तपशिलाने लिहितो, कारण नुकसान कसे होते हे नेमके कळले तर ते टाळणे अवघड नाही. आपल्या काळ्या पाषाणात कोरलेले अक्षर फार खोल नसते. अनेकदा नखाच्या जाडीएवढीच खाच असते. ती डोळ्याला दिसते ती तिच्या एका काठावर उजेड आणि दुसऱ्या काठावर सावली पडते म्हणून. जुन्या लोकांनी चुना दिला, त्याने अक्षर झाकले गेले, पण मेले नाही. पाण्याने भिजवून, बांबूच्या काडीने, सावकाश तो पापुद्रा काढता येतो आणि कधी कधी चुन्याखालचे अक्षर उघड्यावरच्या अक्षरापेक्षा ताजे निघते. शेंदराचेही तसेच. ऑइलपेंटची गोष्ट वेगळी आहे. तो दगडाच्या सूक्ष्म छिद्रांत शिरतो, दगडातला ओलावा आत कोंडतो, आणि काही वर्षांनी पोपडा सुटतो तेव्हा आपल्याबरोबर दगडाची कातडीही ओढून नेतो. त्याहून वाईट म्हणजे वाळूचा मारा, ज्याला ठेकेदार सॅण्डब्लास्टिंग म्हणतात. देऊळ एका दिवसात नव्यासारखे दिसते हे खरे, पण ते नवे दिसते याचे कारण दगडाचा वरचा थर, म्हणजे नेमका ज्या थरात अक्षर आहे तोच, उडून गेलेला असतो. ग्राइंडर आणि ॲसिड यांचाही परिणाम तोच. रंग निदान जाणकाराच्या हातून उतरवता येतो. उडालेला दगड पुन्हा चिकटवता येत नाही.

आणखी एक प्रकार चांगल्या हेतूने होतो. लेख भाविकांना नीट दिसावा म्हणून कोणीतरी कुंचला घेऊन खाचांत पांढरा किंवा पिवळा रंग भरतो. भरणाऱ्याला जे अक्षर जसे वाटले तसे ते कायमचे होऊन बसते. देवनागरीतला जुना एकचा आकडा आणि नऊचा आकडा झिजलेल्या दगडावर किती सारखे दिसतात, हे वाचणाऱ्यालाच माहीत. त्यात रंगाची एक रेघ जास्त पडली की शकातली आठ वर्षे किंवा आठशे वर्षे इकडची तिकडे होतात आणि पुढचा प्रत्येक वाचक तीच चूक वाचतो. पीठ, खडू किंवा हळद चोळून लेख ‘उठवण्याचा’ उद्योगही करू नये. पिठाला मुंग्या लागतात आणि खडूची पूड खाचांत बसून राहते. लेख वाचायचा असेल तर रात्री जा, बॅटरी दगडाला जवळजवळ टेकवून आडवी धरा आणि हळूहळू फिरवा. दिवसा जिथे नुसता खडबडीत दगड होता तिथे ओळीच्या ओळी उभ्या राहतात. हा प्रयोग आपल्या गुरवाला सोबत घेऊन एकदा करून पाहावा, अशी माझी खास विनंती आहे.

भक्तीनेही अक्षर झिजते, हे आपण पंढरपुरात पाहिले आहे. विठ्ठलमंदिरातला शके ११९५ ते ११९९ या काळातला शिलालेख ‘चौऱ्याऐंशीचा लेख’ म्हणून ओळखला जातो. देवळासाठी कोणी किती दिले याची ती यादी आहे. रामदेवराय यादव आणि हेमाद्री पंडित यांची नावे तीत आहेत. त्या शिळेला पाठ घासली की चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो अशी श्रद्धा पडली आणि पिढ्यान्‌पिढ्या भाविकांनी पाठी घासून तो दगड गुळगुळीत केला. त्या भाविकांना मी बोल लावत नाही. पण त्या दगडावर वारकऱ्यांच्या पूर्वजांचीच नावे होती, आणि ती वाचता येत असताना कोणी वाचून दाखवली असती, तर लोकांनी त्याला पाठ न लावता हात जोडले असते, असे मला नेहमी वाटते.

याच्या उलट दुसरे एक देऊळ आहे. दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा आणि सीना यांच्या संगमावर हत्तरसंग कुडल येथे संगमेश्वराच्या देवळात एका तुळईवर शके ९४० चा लेख आहे. मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. सोलापूरचे आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. ते विद्यापीठातले प्राध्यापक नव्हते, नोकरी सांभाळून पायपीट करणारे अभ्यासक होते. त्या लेखाचा शेवट असा आहे: ‘वाछि तो विजेया होईवा’. जो वाचील तो विजयी होईल. कोरणाऱ्याने देवाकडे स्वतःसाठी काही मागितले नाही. पुढे कधीतरी येऊन जो वाचील त्याला आशीर्वाद देऊन ठेवला. असा आशीर्वाद आपल्याही मंडपात कुठे रंगाखाली असेल, तर तो गावाला वाचून दाखवणे हे विश्वस्तांचे काम नाही का?

अलिबागजवळ आक्षी येथील शके ९३४ चा म्हणून वाचला गेलेला शिलालेख कित्येक वर्षे रस्त्याच्या कडेला उन्हापावसात उभा होता, हे वर्तमानपत्रांतून आपण वाचले असेल. कोकणात शिलाहार राजांच्या काळातले असे दानाचे दगड अनेक आहेत: वर सूर्य-चंद्र, मध्ये लेख, खाली दान मोडणाऱ्याला दिलेली, चित्रात कोरलेली गाढवाची शिवी. ती शिवी कोरलेली असल्यामुळे गावकरी असा दगड अशुभ किंवा अश्लील समजून उलटा टाकतात, नाल्यावर घालतात किंवा पायरीला लावतात. सूर्य-चंद्राचा अर्थ, हे दान सूर्य-चंद्र आहेत तोवर चालावे, एवढाच आहे. आणि शिवी आपल्याला नाही, गावाची जमीन लुबाडणाऱ्याला आहे. असा दगड सापडला तर तो उचलून सरळ उभा करा, एवढेच पुरे. त्याला सिमेंटात गाडू नका, कारण खालच्या दोन ओळी नेहमी सिमेंटाखाली जातात.

शिलालेखाचा ठसा कसा घेतात हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले नसेल, म्हणून सांगतो. आधी मऊ ब्रश आणि साधे पाणी घेऊन दगड धुतात; साबण नाही, तारेचा ब्रश तर मुळीच नाही. मग चिवट, पातळ कागद भिजवून दगडावर पसरतात आणि केसाळ ब्रशाने तो हलकेच ठोकत राहतात. कागद हळूहळू प्रत्येक खाचेत उतरतो. हवेचा बुडबुडा राहिला तर तिथले अक्षर हुकते, म्हणून हे काम घाईचे नाही. कागद अर्धवट सुकला की कापडाच्या बोळ्याला शाई लावून वरवर फिरवतात. पृष्ठभाग काळा होतो, खाचेत बसलेला कागद पांढरा राहतो, आणि जी ओळ महिनाभर डोळे ताणूनही लागली नव्हती ती पांढऱ्या अक्षरांत समोर येते. कागद सुकला की अलगद सुटतो; दगडाला शाईचा ठिपकाही लागत नाही. हे काम अर्ध्या दिवसाचे आहे. त्या गुलाबी तुळईसाठी तो अर्धा दिवस मी आठ वर्षांपूर्वी काढायला हवा होता, ही रुखरुख मला आहे, आणि तीच रुखरुख आपल्या वाट्याला येऊ नये म्हणून हे लिहितो आहे.

तांब्याविषयी. ताम्रपट बहुतेक वेळा देवळात नसतो, गावातल्या एखाद्या जुन्या घरात किंवा देवस्थानाच्या पेटीत असतो, आणि कधी नांगराच्या फाळाला लागून वर येतो. तो साधा पत्रा नसतो. बऱ्याच ताम्रपटांच्या कडा किंचित उचललेल्या असतात, म्हणजे एकावर एक पत्रे ठेवले तरी अक्षरे एकमेकांवर घासत नाहीत. बाहेरच्या बाजू अनेकदा कोऱ्या ठेवून लेख आतल्या बाजूंवर कोरलेला असतो. आणि सगळे पत्रे एका कडीत ओवून त्या कडीच्या जोडावर राजाची मुद्रा बसवलेली असते. कडी तोडल्याशिवाय पत्रा बदलता येऊ नये, ही त्यामागची योजना. म्हणून पत्रे सुटे करून पाहण्यासाठी कडी कापणे म्हणजे दस्तऐवजाचे सील फोडण्यासारखे आहे.

विदर्भातल्या वाकाटक राजघराण्याची राणी प्रभावतीगुप्ता हिचा पुण्याला मिळालेला ताम्रपट घ्या. नंदिवर्धन या राजधानीहून दिलेल्या या शासनाने, म्हणजे राजाज्ञेने, दंगुण नावाचे गाव, म्हणजे आजच्या हिंगणघाटचा परिसर, एका आचार्याला दान दिले. त्या मुद्रेवर चार ओळी आहेत: ‘वाकाटकललामस्य क्रमप्राप्तनृपश्रियः । जनन्या युवराजस्य शासनं रिपुशासनम्’. युवराजाच्या मातेचे हे शासन. विदर्भावर एका आईने मुलाच्या वतीने राज्य केले आणि ती गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी होती, हे या पत्र्यांनी सांगितले आणि त्यावरून वाकाटकांचा काळ ठरवायला आधार मिळाला. हे पत्रे एका तांबटाच्या घरी होते. ज्याच्या घरात रोज जुने तांबे वितळवायला येत होते त्या माणसाने हे तांबे भट्टीत घातले नाही. हे मला नेहमी फार मोठे वाटत आले आहे.

ताम्रपटाला भट्टीपेक्षाही रोजचा धोका आहे तो चिंचेचा. एका घरी मला ताम्रपट देवघरात पुजलेला दिसला. दर दसऱ्याला आजी तो चिंच आणि राख लावून घासत असत आणि तो आरशासारखा लखलखत होता. मी अक्षरावर नख फिरवले तर खाच होती, पण तिची धार गेली होती. भिंगातून पाहिले तर काना आणि मात्रा यांचे टोक गोल झाले होते. आजींची श्रद्धा खरी होती. त्यांना मी एवढेच म्हटले की, आजी, याचा काळपट-हिरवा रंग म्हणजे मळ नाही, तांब्याने आपल्या अंगावर ओढून घेतलेले पांघरूण आहे, ते राहू द्या. फूल वाहा, गंध मात्र शेजारच्या ताम्हनाला लावा. त्यांनी ऐकले. पत्र्यावर फिकट हिरवी पूड सुटत असेल तर मात्र तो आजार आहे, तेव्हा तो कोरड्या सुती कापडात गुंडाळून जाणकाराला दाखवावा. वाचता येत नाही म्हणून अक्षरावर पुन्हा छिन्नी चालवणे, भोक पाडून भिंतीला ठोकणे, फ्रेमला डाग देऊन जोडणे, हे काहीच करू नये.

ताडपत्रांविषयी थोडक्यात, कारण ती आपल्याकडे कमी आहेत. पण जिथे आहेत तिथे त्यांची फार आबाळ होते. पाने उकळून, वाळवून, घोटून तयार केलेली असतात. दक्षिणेकडच्या पद्धतीत अक्षर लोखंडी लेखणीने ओरखडून त्यात काजळ चोळतात. म्हणून ज्या पानावर काहीच दिसत नाही ते कोरे असेलच असे नाही. काजळ पुसले गेलेले असते, ओरखडा असतो. एक पान म्हणजे किती मोल असू शकते, याला उदाहरण कर्नाटकातल्या मूडबिद्रीचे आहे. दिगंबर जैनांच्या षट्खंडागम या धर्मग्रंथाची ताडपत्रे तिथल्या भांडारात होती. सोलापूरच्या हिराचंद नेमचंद यांच्या खटपटीने त्यांची नक्कल कागदावर उतरू लागली आणि अमरावतीला प्राध्यापक असलेल्या हिरालाल जैन यांनी १९३९ पासून तो ग्रंथ धवला टीकेसह छापायला घेतला. पाने त्याआधीच पुरात सोडली असती तर छापायला काय उरले असते? आपल्याकडे जीर्ण पोथी नदीत सोडण्याची चाल आहे. ती सोडण्याआधी एकदा कोणाला तरी दाखवा, एवढेच मागणे आहे. पाने एकमेकांना चिकटली असतील तर ओढू नका, दोरी तोडून क्रम मोडू नका, उन्हात वाळवू नका, लॅमिनेशन तर कधीच करू नका. दोन लाकडी फळ्यांमध्ये ठेवून सुती बासनात बांधा. पुण्याच्या भांडारकर संस्थेतली ऋग्वेदाची जी ३० हस्तलिखिते युनेस्कोने २००७ साली जागतिक स्मृतीच्या नोंदीत घेतली, त्यांतले एक काश्मिरातून आलेले, शारदा लिपीतले, भूर्जपत्रावरचे आहे. झाडाची साल इतकी वर्षे टिकली ती असेच कोणी बासनात बांधत आले म्हणून.

आता माझे मागणे नेमके सांगतो. जीर्णोद्धाराचा ठराव कराल तेव्हा त्यात एक कलम घालावे की, काम सुरू होण्यापूर्वी देवळाच्या प्रत्येक दगडाची, विशेषतः तुळया, खांब, उंबरे, पायऱ्या आणि बाहेरच्या भिंतीतले उलटसुलट बसवलेले दगड यांची, तिरप्या उजेडात पाहणी व्हावी आणि छायाचित्रे देवस्थानाच्या दप्तरी ठेवावीत. ठेकेदाराच्या करारात वाळूचा मारा, ग्राइंडर आणि ॲसिड यांना स्पष्ट मनाई लिहावी. तोंडी सांगितलेले मचाणावर चढल्यावर कोणाच्या लक्षात राहत नाही. जिथे अक्षर आहे त्या दगडाला रंग नको, मग तो कितीही पवित्र रंग असो. देणगीदारांची नावे लावायचीच असतात आणि ती लावावीतही, पण त्यासाठी वेगळी फरशी करावी. लेख आढळला तर राज्याच्या पुरातत्त्व विभागाला किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला पत्र पाठवावे आणि त्या पत्राची नोंद बैठकीच्या कार्यवृत्तात करावी. जमिनीत ताम्रपट सापडला तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. आणि शंभर वर्षांवरची पुरावस्तू, तसेच पंचाहत्तर वर्षांवरचे मोलाचे हस्तलिखित, १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्याच्या कक्षेत येते, हेही गावात सांगून ठेवावे. भंगारवाला आणि जुन्या वस्तूंचा दलाल हे दोघे तुमच्या आधी पोहोचतात, हा माझा अनुभव आहे.

लेख कळला म्हणजे देवळाची जागा किंवा गावाची जमीन सरकारजमा होते, अशी भीती काही ठिकाणी मला बोलून दाखवली गेली. तिच्यापोटी लेख मुद्दाम बुजवल्याचेही एका ठिकाणी ऐकले. एखादा लेख वाचून त्याचा ठसा घेतला गेला, एवढ्याने देवळाचा ताबा कोणाकडे जात नाही. उलट बहुतेक जुन्या लेखांत असते ते आपल्याच देवळाला दिलेल्या जमिनीचे, तेलाच्या घाण्याचे, बाजारातल्या करातल्या वाट्याचे वर्णन. गावाची ती सर्वांत जुनी सनद आहे.

त्या गुलाबी तुळईच्या गावच्या विश्वस्तांशी मी बोललो आहे. रंग उतरवण्याचे काम दगडाची जाण असलेल्या संवर्धकाकडूनच व्हावे, घाई करू नये आणि तोवर त्यावर दुसरा हात देऊ नये, हे त्यांनी मान्य केले आहे. लांबी खाचेत बसली आहे, तिने दगड खाल्लेला नाही, त्यामुळे आकडे मिळण्याची आशा आहे. आपल्यापैकी ज्यांच्या देवळात असा दगड आहे किंवा असावा अशी शंका आहे, त्यांनी पुढची वर्गणी गोळा होण्याआधी कळवावे. मी ब्रश, बादली, कागद आणि शाई घेऊन माझ्या खर्चाने येईन. मला फक्त एक शिडी, दोन घागरी पाणी आणि रात्री मंडप उघडा ठेवणारा एक माणूस हवा.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
जुने लेख वाचणारा एक निवृत्त शिक्षक